बिशपसाठी रंगवलेलं अंडं

मत्सर करायचाच तर माणसाने शेजाऱ्याच्या बंगल्याचा करावा, साडूच्या पगाराचा करावा, निदान मित्राच्या डोक्यावर टिकून राहिलेल्या केसांचा तरी करावा. मी एका अंड्याचा केला. तेही रिकाम्या. आत बलक नाही, पांढरं नाही, पंख्याच्या वाऱ्याने टेबलावरून गडगडत जाईल असं नुसतं टरफल. त्या टरफलापायी मी उन्हाळ्याची सगळी सुरुवात जळण्यात घालवली. आमच्या बुरहानपुरात एप्रिलमध्ये सगळंच जळत असतं, म्हणून माझं वेगळं असं कुणाच्या लक्षात आलं नाही, इतकंच.

मी सिस्टरांच्या शाळेत ड्रॉइंग शिकवतो. बायको त्याच शाळेत लहान मुलांना शिकवते. शाळेत जे जे सजतं ते माझ्या हातचं, असा बरीच वर्षं न लिहिलेला कायदा होता. पंधरा ऑगस्टचा मंच, दिवाळीआधीची रांगोळी, नाताळचा गोठा. गोठ्यातले माझे पुतळे जरा इकडचेच व्हायचे. योसेफ बघितला की निंबोल्याचा कुणी केळीवाला बागेला पाणी सोडून नुकताच घरी आलाय असं वाटायचं. तीन राजांपैकी एकाला तर पालक हटकून शनवाऱ्यातला मिठाईवाला म्हणत. सिस्टर हसायच्या आणि म्हणायच्या, "सर, हमारे येशु का तो पूरा परिवार ही निमाड़ी है." मी हे कौतुक समजून घरी सांगायचो.

घरी मात्र त्याला भाव नव्हता. बायको नाशिककडची. माझ्या चित्रांसाठी तिच्याकडे एकच शेरा होता, "बरं आहे." लग्न झालं त्या वर्षी मी तिचं चित्र काढलं होतं. ते तिने लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं आणि म्हणाली, "बरं आहे. नाक कुणाचंय?" त्यानंतर वीसेक वर्षांत मी देवळं काढली, ताप्तीवरचा पूल काढला, राजघाटावरची संध्याकाळ तर इतक्यांदा काढली की सूर्यालासुद्धा कंटाळा आला असेल. सगळं बरं होतं. मी मनाशी ठरवून टाकलं की काही माणसांना घाम येत नाही, तसं हिला कौतुक येत नाही. तब्येतीचा भाग आहे. या समजुतीवर आमचा संसार सुखाने चालला होता.

मग गणिताचे सर आले आणि कळलं की हिला येतं. भरपूर येतं.

हे सर वसईकडचे ख्रिस्ती. त्यांच्या बायकोची बँकेत इकडे बदली झाली आणि तिच्यामागे हे आले. उंच, शर्ट कडक इस्त्रीचा, मराठी अशी स्वच्छ की ऐकताना आपण हात धुऊन बसावं. माझी मराठी बुरहानपुरी. वाक्य घरून मराठीत निघतं, वाटेत हिंदीकडे चहा पितं आणि परत येताना चप्पल बदलून येतं. बायको पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "ऐका जरा, सर कसे बोलतात." मी ऐकलं. म्हटलं, बोलू दे बिचाऱ्याला. गणितवाला माणूस, माझ्या प्रांतात तर येत नाही ना!

तो आला मार्चमध्ये, प्लॅस्टिकच्या डब्यात कापूस भरून.

ख्रिस्ती लोकांचा उपवासाचा काळ चालू होता. मधल्या सुट्टीत मोठ्या सिस्टरांनी स्टाफरूममध्ये सांगितलं की यंदा ईस्टरला बिशप आपल्याकडे येणार आहेत, आणि सरांनी एक फार सुंदर गोष्ट सुचवली आहे. सरांनी डबा उघडला. कापसात एक अंडं होतं. गडद तांबडं, आणि त्यावर पांढऱ्या रेघांचं काम. रेघ केसासारखी. एका बाजूला झेंडा घेतलेलं कोकरू, दुसऱ्या बाजूला गव्हाच्या ओंब्या आणि द्राक्षांचा घड, वर-खाली माशांची रांग. सगळे मासे एका मापाचे, जणू एकाच आईचे.

मी बघितलं आणि पुन्हा बघितलं. ड्रॉइंग मास्तरला चांगलं काम ओळखू येतं. हीच तर या धंद्यातली वाईट गोष्ट.

"हे तुम्ही काढलंत?" मी विचारलं. मला खरं तर विचारायचं होतं की छापील मिळतं का.

"लहानपणी आमच्या चर्चमधल्या एका फादरांनी शिकवलं होतं," सर म्हणाले. "मेणाने काढायचं. पेन्सिलीच्या टोकाला टाचणी खोचायची, मेणात बुडवायची, रेघ ओढायची. मग अंडं कांद्याच्या टरफलांच्या पाण्यात ठेवायचं. जिथे मेण तिथे रंग चढत नाही. शेवटी मेणबत्तीजवळ धरून मेण पुसून टाकायचं. चित्रकला येत नाही हो मला. मी आधी रबरबँड लावून अंड्याचे सारखे भाग पाडतो. भूमिती आहे नुसती."

चित्रकला येत नाही म्हणे! हे वाक्य मला त्या माशांपेक्षा जास्त लागलं.

पण खरा घाव पुढे होता. सर ते अंडं माझ्या बायकोच्या हातात देत होते आणि ती घेत होती.

इथे आमच्या घरची पद्धत सांगितली पाहिजे. आमच्या घरी अंडं चालत नाही. मी स्टेशनबाहेरच्या गाडीवर आमलेट खाऊन आलो तर हिला वासावरून कळतं, आणि मग मी अंगणातल्या नळावर गुळण्या करून, शर्ट तिथेच काढून, उघड्या अंगाने घरात शिरतो. शेजाऱ्यांना वाटतं आखाड्यातून आलो. आणि तीच बाई, दोन्ही तळवे पुढे पसरून, त्यावर अंडं ठेवून, तोंड अर्धं उघडं टाकून उभी होती. जसं काही हातात तान्हं मूल दिलंय.

"अगं बाई!" ती म्हणाली. "किती छान!"

सगळा स्टाफ अंड्याकडे बघत होता. मी एकटा तिच्याकडे बघत होतो. वीसेक वर्षांत हा चेहरा मी पाहिला नव्हता. हा चेहरा या बाईकडे आहे हेच मला माहीत नव्हतं.

सर मग अर्थ सांगू लागले. अंडं म्हणजे येशूची बंद कबर. बाहेरून दगडासारखी गप्प, आतून जीव फुटणार. तांबडा रंग त्याच्या रक्ताचा. मासा म्हणजे जुन्या ख्रिस्ती लोकांची एकमेकांना ओळखायची खूण. गहू आणि द्राक्षं म्हणजे शेवटच्या जेवणातली भाकर आणि द्राक्षारस. कोकरू म्हणजे तो स्वतः. बायको मान डोलावत होती. संध्याकाळी ताटात भाकरी वाढताना तिने हे सगळं मला पुन्हा सांगितलं, मी तिथे नव्हतोच अशा थाटात.

पुढचे दिवस असेच. शाळा सुटल्यावर ही थांबायची, सरांकडून मेणाचं काम शिकायला. आणखी दोघी-तिघी असायच्या, नाही असं नाही. मी गेटपाशी स्कूटर घेऊन उभा. ही यायची ती बोटांना मेण लागलेलं, डोळे चमकत. "आज सूर्य केला. सूर्य म्हणजे उठलेला प्रभू. फुलपाखरू का काढतात माहितीये? कोशातून बाहेर येतं म्हणून." मी म्हणायचो, "हेल्मेट घाल." एकदा मी सहज, अगदी सहज म्हटलं की सरांच्या कोकराचे पाय जरा कुत्र्यासारखे आहेत. ती म्हणाली, "तुमच्या गोठ्यातला उंट आठवतो का?" मी गाडी सुरू केली.

शेवटी एका दुपारी माझ्या तोंडून निघून गेलं. सिस्टर ईस्टरला पोरांना वाटायच्या अंड्यांच्या टोपलीचं बोलत होत्या, सर किती अंडी करतील, वेळ पुरेल का. मी म्हटलं, "सिस्टर, थोडी मी करतो. अपने बुरहानपूर की स्टाइल में." अशी काही स्टाइल नव्हती. पण सिस्टर इतक्या खूश झाल्या की मला मागे फिरता येईना. त्यांच्या आवारात बदकं आहेत. त्यांनी दोन मोठी बदकाची अंडी आणली, एक सरांना दिलं, एक मला. म्हणाल्या, "दोन्हीतलं एक बिशप स्वामींच्या हातात द्यायचं. शनिवारी सगळे बघून ठरवू."

घरी बायकोने चहाचा कप जरा जोरातच ठेवला. "तुम्ही कशाला मध्ये पडलात? सरांचा हात बसलाय त्यात. तुमचं हसं होईल."

"होऊ दे."

"सगळ्यांसमोर होईल. तिथे मी पण असणार आहे."

तेच तर! मला बिशपचं काही नव्हतं. मला एवढंच हवं होतं की माझं अंडं निवडलं जावं, तेव्हा ही शेजारी उभी असावी, आणि तिने स्टाफरूममधला तो चेहरा एकदा माझ्या कामाकडे बघून करावा. एवढ्यासाठी माणूस काय काय करतो, ते पुढे आहे.

घरात अंडं चालत नाही म्हणून मी गच्चीवर दुकान मांडलं. आधी कोंबडीची अंडी घेतली, सरावाला. दोन्ही टोकांना भोक पाडायचं आणि एका बाजूने फुंकायचं, म्हणजे आतलं दुसरीकडून वाटीत पडतं. सर सांगताना हे दोन वाक्यांत होतं. प्रत्यक्षात मी गाल फुगवून डोळे बाहेर येईस्तोवर फुंकत होतो आणि अंडं काही ऐकत नव्हतं. मग एकदम ऐकलं, आणि सगळं माझ्या दाढीत आलं.

पलीकडच्या गच्चीवर शेजारच्या वहिनी पापड वाळत घालत होत्या. "काय हो भाऊ, शंख वाजवताय का?"

"नाही वहिनी, अंडी फुंकतोय."

त्या थबकल्या. चौकात लिंबू-अंडं ठेवलेलं दिसलं की वळसा घालून जाणारी बाई ती. हळूच म्हणाल्या, "अरे देवा. कोणावर?"

मनात आलं, सांगावं, गणिताच्या सरांवर.

फुंकून जी वाचली त्यांवर मेणाचं करायला गेलो. उन्हाने मेण रेघ होण्याआधीच पसरायचं. माझा मासा वांग्यासारखा आला. द्राक्षांचा घड आला तो देवीच्या फोडांसारखा. कागद कसा समोर सपाट पडून राहतो. अंडं आपण रेघ ओढतो तेवढ्यात पाठ फिरवतं. दोन हातात फुटली, एक मी रागाने फोडलं. हाताशी राहिलं फक्त बदकाचं, तेवढं धड फुंकलेलं.

तेव्हा ती अक्कल सुचली. खुंटीवर माझा एक जुना पांढरा शर्ट होता. त्याच्या पोटावर तपकिरी डाग. एकदा मित्राच्या केळीच्या बागेत घड कापताना उभा होतो, तेव्हा चीक उडाला होता. केळीचा चीक लागला की कपडा गेला, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. बागेत जाणारे सगळे ठरलेला जुना, काळपट कपडा घालतात. तो शर्ट बघून माझ्या डोक्यात उजेड पडला. मेण कशाला? जो रंग कपड्यावरून जन्मात निघत नाही, तो अंड्यावर काढू. हीच बुरहानपूरची स्टाइल!

जसोंडीला मित्राच्या बागेत गेलो. त्याने विळा मारला, टपटप चीक गळू लागला, मी स्टीलची वाटी धरली.

"काय करतो भो एवढ्या चिकाचं?"

"चित्र काढतो."

"कशावर?"

"अंड्यावर."

त्याने विळा खाली ठेवला. "वहिनी ठीक आहे ना?" असं त्याने विचारलं. माझी विचारपूस नाही केली.

गुरुवारच्या भर दुपारी मी गच्चीच्या सावलीत बसलो. बोरू चिकात बुडवला आणि बदकाच्या अंड्यावर क्रूस काढला. दिसेना. पाण्याने लिहिल्यासारखी ओली रेघ, वाळली की काहीच नाही. पुन्हा काढला. पुन्हा नाही. फुंकर मारली, उन्हात धरलं, चष्मा काढून बघितलं. कोरं करकरीत अंडं. चीकसुद्धा माझ्याच वेळी पाणी व्हायचा होता.

मग माझा ताबा सुटला. म्हटलं, काही दिसतच नाहीये तर आपल्या मनातलं तरी काढू. मी गणिताचे सर काढले. त्यांचं ते सरळ नाक, डोक्यावर कोंबड्याचा तुरा, एका हातात वर्तुळं काढायचा परकार, आणि डोक्यामागे त्यांचं ते समान भाग पाडलेलं वर्तुळ. अंडं फिरवून पलीकडे बायको काढली, दोन्ही तळवे पसरलेली, तोंड अर्धं उघडं. तिला काढताना हात एकदाही अडला नाही. दोघांच्या मध्ये जागा उरली, तिथे मी स्वतःला घातलं, एक दाढीवाला बोकड, मान खाली घालून. सगळं कोऱ्यावर कोरं. कुणाला दिसणार नव्हतं. इतकं हलकं वाटलं की विचारू नका. भांडण झालं, आपणच जिंकलो आणि कुणाला कळलंही नाही, असं.

मग शहाण्या माणसासारखं अंडं कपड्याच्या साबणाने स्वच्छ धुतलं.

ज्याने आयुष्य केळीच्या मुलखात काढलं त्याने हे करावं! चिकाचा डाग लागतो तेव्हा दिसत नाही. संध्याकाळी माणूस म्हणतो, वाचलो. शर्ट धुतला, साबण लागला की दोन-तीन दिवसांत डाग हळूहळू उसळून वर येतो. इथल्या शाळेत न गेलेल्या पोराला हे ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण मत्सर डोक्यात भरला की माणसाला आपलीच माहिती सापडत नाही.

शुक्रवारी ते अंडं मी हळदीच्या कोमट पाण्यात ठेवलं. पिवळं झालं, सुंदर पिवळं. त्यावर बायकोच्या अळत्याने एकच अर्धा सूर्य काढला, केळीच्या पानामागून उगवणारा, आणि सूर्याच्या पोटात बारीक क्रूस. दुसरं काही जमलंच नसतं. पण खरं सांगतो, बरं दिसत होतं.

शनिवारी स्टाफरूममध्ये दोन्ही अंडी शेजारी ठेवली. सरांचं तांबडं, त्यावर अख्खं बायबल. माझं पिवळं, त्यावर एक सूर्य. मी आधीच मान खाली घातली होती. तर सर म्हणाले, "सिस्टर, बिशपना हेच द्या. माझ्यासारखी त्यांनी पुष्कळ बघितली असतील. हे त्यांना फक्त इथेच मिळेल."

सिस्टरांनी टाळी वाजवली. झालं. मी जिंकलो होतो, आणि ते मला त्यांनी दिलेलं होतं. हाताचा मत्सर करत होतो, आता चांगुलपणाचाही करावा लागला. मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "साधं आहे." मग सरांकडे वळून, "तुमचं मन मोठं आहे हं सर." साधं हे बरंच्या वर की खाली, यावर मी रात्रीचं जेवण होईस्तोवर विचार केला.

अंडं कापसात घालून, डब्यात बंद करून सिस्टरांच्या कपाटात गेलं.

ईस्टरच्या सकाळी मी नवा कुर्ता घालून चर्चला गेलो. बायको शेजारी, जरीकाठी साडीत. प्रार्थना झाली, गाणी झाली, लोक एकमेकांना शुभेच्छा देत व्हरांड्यात आले. बिशप म्हातारे, बारीक डोळ्यांचे, हसरे. सिस्टरांनी टोपली पुढे आणली, पोरांना अंडी वाटली, मग डबा उघडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बिशप स्वामी, ये हमारे ड्रॉइंग सर ने खास आपके लिए बनाया है."

बिशपनी कापसातून अंडं उचललं.

सूर्य होता. हळद होती. आणि हळदीच्या आतून, खमंग तपकिरी रंगात, गणिताचे सर वर आले होते. तुऱ्यासकट. मी आयुष्यात काढलेली सगळ्यात स्वच्छ रेघ. नाक तर इतकं बरोबर की टोपलीजवळचं एक पोरगं सरांकडे बघून फिसकन हसलं. बिशपनी अंडं हळूहळू फिरवलं. बोकड आला. आणखी फिरवलं. बायको आली.

ती माझ्या शेजारीच उभी होती. तिने ते बघितलं हे मला तिच्याकडे न बघता कळलं, कारण तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"ये कौन हैं?" बिशपनी विचारलं.

सिस्टर माझ्याकडे बघू लागल्या. तेवढ्यात सर पुढे झाले. स्वतःच्या तुऱ्याकडे त्यांनी एकदा नीट बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "स्वामीजी, ये संत पेत्रुस हैं. मुर्गे की बाँग से पहले इन्होंने तीन बार प्रभु को नकारा था, वो बात याद रहे, इसलिए सिर पर कलगी. हाथ में स्वर्ग की चाबी." परकाराची किल्ली झाली होती. "पीछे प्रभामंडल."

"और ये स्त्री?"

"मरिया मगदलेना. ईस्टर की सुबह कबर पर आई, और देखा कि कबर ख़ाली है. देखिए, हाथ खुले रह गए."

बिशपनी मान डोलावली. लोक पुढे वाकून बघू लागले. कुणीतरी "वाह" म्हणालं. बिशपनी अंडं परत फिरवलं. "और ये परमेश्वर का मेमना?"

"जी."

"मेमने की दाढ़ी है?"

सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं. "हमारे निमाड़ का है, स्वामीजी."

बिशपनी त्या कोकराकडे बघितलं. मग माझ्या दाढीकडे बघितलं. मग त्यांचे बारीक डोळे आणखी बारीक झाले आणि त्यांनी अंडं स्वतःच्या हाताने कापसात ठेवलं, डबा बंद केला आणि सोबतच्या फादरांना दिला. "ये मैं अपनी मेज़ पर रखूँगा," म्हणाले. त्यांना सगळं कळलं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही.

घरी निघालो, ही स्कूटरवर मागे. पूल गेला, बाजार गेला. मी आरशात बघत होतो, पण आरशात नुसता पदर दिसत होता.

शेवटी मागून आवाज आला. "तोंड एवढं उघडं होतं माझं?"

"हो."

"आणि हात?"

"तसेच होते."

"समोर बघून काढलंत? फोटोबिटो होता?"

"नाही. आठवलं तसं."

"मग तो बोकड?"

मी गाडीचा वेग वाढवला. तिने माझ्या खांद्यावर थाप मारली, "हळू!" आणि तेवढ्यात तिला कळलं. तोवर तिला खरंच माहीत नव्हतं. इतके दिवस गेटपाशी उभा राहून मी जो धूर काढत होतो, तो तिला स्कूटरचा वाटला होता. ती हसायला लागली. आधी आवाज न करता, मग मोठ्याने, मग माझ्या पाठीला कपाळ टेकवून. "सरांवर? अहो, त्या सरांवर? वेडे आहात का तुम्ही?" सिग्नलला शेजारचा रिक्षावाला वळून बघू लागला. मी कुर्त्यातल्या कुर्त्यात लहान होत होतो.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "सरांचं काम सुबक आहे, ते आहेच. पण ही मी होते. नाकासकट." आणि मग, "ते अंडं आता बिशपकडे गेलं ना? मला नीट बघायचं होतं."

एवढं मिळालं. छान म्हणाली नाही. पण मी ते घरापर्यंत जपून नेलं, फुंकलेल्या अंड्यासारखं.

शाळा उघडली तेव्हा मी मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी पोचलो, आणि आत ही सरांना सगळं सांगत होती. गच्ची, साबण, बोकड, वहिनींचं "कोणावर?" सगळं. हातवारे करून सांगत होती, आणि सर डोळे पुसत हसत होते. माझीच गोष्ट, पण तिच्या तोंडून जास्त चांगली वाटत होती. मी सांगितली असती तर इतकी रंगली नसती. दोघं हसतायत आणि मी दारात उभा, हातात चहाचा कप.

"या सर, या," सर म्हणाले. "तुमचंच चाललंय."

माहीत होतं. अंड्याचा करून झाला, आता माझ्याच गोष्टीचा मत्सर सुरू झाला होता.